नव्या लॅपटॉपवरील विंडोज पूर्ण पुसून मूळ विंडोज बसवायचे आहे, पण ड्राइव्हच दिसत नाही : मदत हवी आहे

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. केंद्रासाठी मागच्या उन्हाळ्यात नवा लॅपटॉप घेतला. त्यात इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क) आहे. विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज कंपनीकडूनच आलेले होते आणि पहिल्याच दिवशी ते अ‍ॅक्टिव्हेटही झाले होते. पावसाळ्यात कीबोर्डच्या दोन-तीन कळा अडकू लागल्या, म्हणून लॅपटॉप एका दुकानात दुरुस्तीला दिला. कळा नीट झाल्या, परंतु मला न विचारता दुकानदाराने मूळ विंडोज काढून त्याजागी विंडोज ११ प्रो टाकून दिले होते. "ताई, आता फास्ट चालेल," एवढेच तो म्हणाला आणि केंद्रावर लोक खोळंबले असल्यामुळे मीही त्या वेळी अधिक चौकशी केली नाही.

काही आठवड्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करण्याची पुसट अक्षरे दिसू लागली. तेव्हा विंडोज सिक्युरिटी उघडून पाहिली, तर तपासणीतून वगळलेल्या जागांच्या यादीत आख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला होता. ती नोंद मी काढून टाकली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, आणि नोंद जागच्या जागी परत आलेली होती. असे मी तीन वेळा करून पाहिले.

मला खरी काळजी याची आहे. या लॅपटॉपवर गावातल्या लोकांच्या आधारकार्डांच्या प्रती, बँकेच्या पासबुकांची पहिली पाने, सातबारे, उत्पन्नाचे दाखले असे सगळे आहे. कापूस वेचून आलेल्या बाईचा अंगठा स्कॅनरवर उमटत नाही, ती पदराने पुसून, पाण्याने धुऊन चार-चार वेळा तो टेकवते आणि एकदाही विचारत नाही की हे सगळे जाते कुठे. त्या विश्वासाला तडा जाईल असे काहीही या यंत्रात राहू नये, म्हणून मला सगळे पुसून मूळ, अधिकृत विंडोज नव्याने बसवायचे आहे.

आतापर्यंत मी काय केले तेही सांगते. यवतमाळला भावाकडे फायबरचे इंटरनेट आहे आणि त्याचा संगणक स्वच्छ आहे. तिथे मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज बसवण्याचा पेनड्राइव्ह करून देणारे साधन) उतरवून १६ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला, कारण पाच जीबीच्या आसपासचे डाउनलोड गावात मोबाइलच्या रोजच्या डेटावर होणे शक्य नव्हते. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला, सेटअप व्यवस्थित उघडला, परंतु विंडोज कुठे बसवायचे ते विचारणाऱ्या पानावर यादी पूर्ण रिकामी आहे आणि कोणताही ड्राइव्ह सापडला नसल्याचा संदेश येतो. पेनड्राइव्ह काढला की तोच लॅपटॉप त्याच एसएसडीवरून मुकाट्याने सुरू होतो. पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावूनही पाहिला, फरक पडला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. एसएसडी चांगली असताना सेटअपला ती का दिसत नाही? मूळ होम सिंगल लँग्वेजचा परवाना अजून शिल्लक आहे की प्रो टाकल्यामुळे तो गेला? आणि सिंगल लँग्वेज म्हणजे त्यात मराठी टंकलेखन होणार नाही, असे एकाने सांगितले, ते खरे आहे का? पेनड्राइव्हचा हा खटाटोप टाळून सेटिंग्जमधल्या 'रीसेट धिस पीसी'ने काम भागत असेल तर तेही सांगावे.

प्रतिसाद १ (अमरावतीहून)

ताई, आपली एसएसडी खराब झालेली नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट न जोडता व्हीएमडी नावाच्या नियंत्रकाच्या मागे ठेवलेली असते. बसवलेल्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो ओळखून चालवणारी छोटी प्रणाली, असतो, त्यामुळे ते सुरळीत चालते. पेनड्राइव्हवरच्या सेटअपकडे तो नसला, तर त्याच्या दृष्टीने त्या जागी ड्राइव्हच नाही.

यावर दोन मार्ग आहेत. बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हीएमडी बंद करण्याचा पर्याय असेल तर तो बंद करावा. आत्ताचे विंडोज त्यानंतर सुरू होणार नाही, पण आपल्याला ते ठेवायचेच नाही. म्हणून फायलींची प्रत घेण्याआधी मात्र त्याला हात लावू नये. दुसरा मार्ग मला अधिक बरा वाटतो. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पानावर 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' नावाचा ड्रायव्हर मिळेल. तो भावाच्या संगणकावरच उतरवून त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्या रिकाम्या यादीच्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवावे. जमल्यास वायफायचा ड्रायव्हरही सोबत घ्यावा, कारण विंडोज ११ पहिल्या मांडणीतच इंटरनेट मागते. तो चालला नाही तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की बहुतेक वेळा काम होते.

रीसेटचा विचार सोडून द्यावा. रीसेट त्याच आवृत्तीचे, म्हणजे प्रोचेच विंडोज पुन्हा उभे करते. शिवाय 'लोकल रीइन्स्टॉल' निवडले तर ते डिस्कवरच्या याच फायली वापरते, ज्यांच्यावर आपला विश्वास उरलेला नाही.

परत येणाऱ्या त्या नोंदीबद्दल माझा अंदाज सांगतो. दुकानदाराने प्रोसाठी चोरटा अ‍ॅक्टिव्हेटर वापरला असावा. केएमएस ही विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करण्याची पद्धत मोठ्या संस्थांसाठी आहे. त्यात संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून मिळालेले अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि मधूनमधून नव्याने घेतले जाते. चोरटे अ‍ॅक्टिव्हेटर याच पद्धतीची नक्कल करतात. त्यासाठी ते यंत्रात एक वेळापत्रकी काम लावून ठेवतात आणि आपण पकडले जाऊ नये म्हणून अँटिव्हायरसला बाजूला सारतात. त्यासोबत आणखी काय आले, हे बाहेरून कळत नाही. म्हणून विंडोज बसवण्याची वाट न पाहता पोर्टलचा, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड आजच मोबाइलवरून बदलावा. या लॅपटॉपवरून बदलू नये.

धागाकर्ती

आभारी आहे, दादा. पासवर्ड काल रात्रीच बदलले. बायॉसमध्ये व्हीएमडीचा पर्याय कुठेही सापडला नाही, म्हणून ड्रायव्हरचाच मार्ग धरला. परंतु उत्पादकाच्या पानावरून जी फाइल उतरली ती एकच ईएक्सई आहे. 'लोड ड्रायव्हर'मधून ते फोल्डर उघडले तर आत काहीच दिसत नाही.

प्रतिसाद २ (वर्ध्याहून)

ती ईएक्सई हे नुसते गाठोडे आहे, सेटअपला आतल्या फायली हव्या असतात. भावाच्या संगणकावर सेव्हन-झिप बसवून त्या फायलीवर उजवी कळ दाबून ती उलगडावी आणि ज्या फोल्डरमध्ये आयएनएफ व एसवायएस अशा शेपटीच्या फायली आहेत ते सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे. 'लोड ड्रायव्हर' केल्यावर नावात 'व्हीएमडी कंट्रोलर' असलेली ओळ दिसेल, ती निवडावी. एसएसडी साधारण ४७६ जीबीची दिसेल, ती ५१२चीच आहे. मोजण्याच्या पद्धतीचा तो फरक आहे. तिच्यावरचे सगळे विभाग एकेक करून डिलीट करावे, फक्त 'अनअ‍ॅलोकेटेड' जागा उरली की तीच निवडून पुढे जावे, लागणारे विभाग सेटअप स्वतः करतो. पेनड्राइव्हही त्याच यादीत दिसू शकतो, म्हणून डिलीट दाबण्याआधी आकार वाचावा.

परवान्याची काळजी नको. कंपनीकडून विंडोज येते तेव्हा त्याची 'की', म्हणजे परवान्याचा क्रमांक, लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या कायमच्या स्मृतीत) लिहिलेली असते. डिस्क पुसल्याने किंवा प्रो टाकल्याने ती जात नाही. मायक्रोसॉफ्टचा पेनड्राइव्ह ती वाचून आवृत्ती न विचारताच होम सिंगल लँग्वेज बसवतो. 'सिंगल लँग्वेज'चा संबंध मेनू आणि संदेश ज्या भाषेत दिसतात तिच्याशी आहे, टंकलेखनाशी नाही. मराठी कीबोर्ड त्यात खुशाल जोडता येतो आणि इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळमांडणी) येत नसेल तर मराठी फोनेटिकही विंडोजमध्येच आहे.

प्रत घेताना पीडीएफ, फोटो, वर्ड आणि एक्सेलच्या फायली तेवढ्याच घ्याव्या, एकही ईएक्सई घेऊ नये. एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुने अर्ज आणि प्रतिज्ञापत्रांचे नमुने कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉण्टमध्ये केलेले असतील, तर तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन उघडते. म्हणून ते फॉण्ट कोणते ते आधी लिहून ठेवावे आणि विंडोजच्या फॉण्ट्स फोल्डरमधून उचलून घ्यावे. डिजिटल स्वाक्षरीची खासगी की पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनमध्येच असते, तिची प्रत घ्यावी लागत नाही, मात्र टोकनचा ड्रायव्हर पुन्हा लागेल. पिन आठवत नसेल तर अंदाजाने टाकत राहू नये, ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होते. अंगठ्याच्या स्कॅनरची आरडी सर्व्हिसही (आधार पडताळणीसाठी स्कॅनर चालवणारी प्रणाली) नव्याने बसवावी लागेल.

दुकानदाराने सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त अधिकृत प्रणालीलाच चालू देणारी सोय) बंद केलेले असण्याची शक्यता आहे. बायॉसमध्ये पाहून ते सुरू करावे, मायक्रोसॉफ्टचा पेनड्राइव्ह त्याला चालतो. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असल्याशिवाय सुरुवात करू नये, आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा नाही.

धागाकर्ती

काल दुपारी काम झाले. फायली उलगडून ठेवल्यावर 'व्हीएमडी कंट्रोलर'ची ओळ आली, ती निवडताच रिकाम्या पानावर ४७६ जीबीची एसएसडी तिच्या चार विभागांसह उभी राहिली. चारही विभाग पुसले. मध्येच लाइट गेली, पण बॅटरी भरलेली असल्यामुळे सेटअप थांबला नाही. आवृत्ती विचारलीच गेली नाही. वायफाय सुरुवातीला आले नाही, ते मोबाइल केबलने जोडून भागवले आणि इंटरनेट मिळताच अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज अ‍ॅक्टिव्ह असल्याचे दिसले. वगळलेल्या जागांची यादी आता रिकामी आहे. तीन वेळा बंद-सुरू करून पाहिली, रिकामीच राहिली. प्रत घेतलेल्या फायली तपासणी करूनच आत घेतल्या. फॉण्टची आठवण आपण दिली नसती तर वारसाच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना माझ्या हातून गेलाच होता.

एक शंका राहिली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यानंतर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) आपोआप सुरू झालेले दिसते. मी ते केलेले नाही. ते बंद करावे का?

प्रतिसाद १

बंद करू नये, ताई. नव्या विंडोज ११ मध्ये ते असेच आपोआप सुरू होते आणि आपल्यासारख्या केंद्राला ते हवेच. लॅपटॉप चोरीला गेला आणि कोणी एसएसडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी लोकांची कागदपत्रे त्याला उघडता येणार नाहीत. पण बायॉसमध्ये बदल झाला किंवा मदरबोर्ड बदलला तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर आपल्यालाही आत जाता येत नाही. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा झालेली असेल. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन की दिसते का ते आजच पाहावे, कागदावर उतरवून अंक दोनदा ताडावे आणि तो कागद केंद्रावर न ठेवता घरी ठेवावा. यापुढे लॅपटॉप दुरुस्तीला देताना पासवर्ड किंवा ही की देऊ नये. कीबोर्डच्या कळा बदलायला दोन्हीपैकी कशाचीच गरज लागत नाही.

धागाकर्ती

की खात्यात सापडली. लिहून, ताडून घरच्या कपाटात जमिनीच्या कागदांसोबत ठेवली आहे. आरडी सर्व्हिस बसवून आज सकाळी पहिला अंगठा घेतला, तो चालला.