पुस्तकाला पाय लागला की नमस्कार... संस्कार की सवय?

शाईचाडाग:
आमच्याकडे अजूनही दसऱ्याला पाटीवर एकड्यांची सरस्वती काढून पुस्तकांवर झेंडू वाहतात, पाय लागला तर हात आपोआप कपाळाला जातो. असल्या समाजाला मेकॉले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली सांगितलं की चांगल्या युरोपियन लायब्ररीतलं एक शेल्फ म्हणजे भारत आणि अरबस्तानचं सगळं वाङ्मय, आणि आपल्याला ते पटलं! तेव्हापासून आपल्याला आपल्याच पोथ्यांची लाज वाटायला लागली असं माझं मत. झाडांचंही तेच, देवराया म्हणजे देवाच्या नावाने सोडलेली जंगलं राखणाऱ्यांना १८७८ च्या इंग्रजांच्या वन कायद्याने सांगितलं, जंगल सरकारचं.

पाटीपेन्सिल:
पाया पडणं वेगळं आणि वाचू देणं वेगळं हो. पोथीच्या शेवटी लेखनिक काय लिहायचा? पाण्यापासून राख, तेलापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नको. आता यातला मूर्ख कोण ते ठरवायचं कोणी? १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तर सावित्रीबाईंवर शेण फेकणारे कोण होते, दसऱ्याला सरस्वती पुजणारेच ना.

शाईचाडाग:
शेण फेकलं ते वाईटच, वादच नाही. पण म्हणून साहेबाने दारं उघडली हेही खरं नाही. १८२१ ला विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली ती पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे त्या पैशातून आणि सुरुवातीला फक्त ब्राह्मणांसाठी. कुलूप तेच, किल्ली फक्त साहेबाच्या खिशात.

खिळेजुळारी:
दोघंही छापखाना विसरताय. छापील पुस्तक सोवळ्यात चालेना कारण शाईत चरबी असते म्हणे, तर मुंबईत गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं! १८४१ ला पंचांग छापलं आणि तेच पंचांग लोकांच्या देव्हाऱ्यापाशी गेलं. पुढे १८६९ ला निर्णयसागर छापखाना निघाला आणि संस्कृत ग्रंथ दुकानात मिळायला लागले, म्हणजे पैसे मोजले की कोणीही घ्यावा. मला तर हा किस्सा मेकॉलेपेक्षा मोठा वाटतो, आपल्या लोकांनी श्रद्धा सोडली नाही पण तुपाने वळवून घेतली.

घाटवाटा:
देवराईचं एवढं गोड करू नका. आमच्या देवराईत पडलेली फांदीसुद्धा कोणी उचलत नाही ते झाडाच्या प्रेमाने नाही, देव कोपेल म्हणून, आणि हद्दीबाहेर कुऱ्हाड चालायचीच. राखायला नियमही लागतो, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभाराच्या ग्रंथात, आंबा-फणसाला हात लावू नका म्हटलंय कारण रयतेने ती झाडं लेकरासारखी वाढवलेली. फरक इतकाच, तिथे मालकाला विचारून पैसे द्यायचे होते, इंग्रजाने रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरसाठी झाडं तोडताना गावाला विचारलंच नाही.

शाईचाडाग:
तुपाचं माहीत नव्हतं, भारी आहे. तुमचं वाचून आज माळ्यावरचं आजोबांचं लाल फडकं सोडलं, दरवर्षी हळदकुंकू वाहतो पण गाठ मी जन्मात पहिल्यांदा सोडली. दोन पोथ्यांना कसर लागून आरपार भोकं पडलीत, वरच्या फडक्यावर मात्र कुंकवाचा थर.

पाटीपेन्सिल:
फोटो टाका ना. लिपी मोडी आहे की बाळबोध?