मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चची जुनी लग्ननोंद सापडत नाहीये (अर्जंट)

मिरी_लवंग
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या घराण्यातल्या एका जुन्या जोडप्याच्या लग्नाची नोंद शोधतेय. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी गावच्या चर्चमध्ये मिळाल्या, दोघांच्या दफनाच्याही मिळाल्या, लग्न मात्र गायब. रजिस्टर पुढून मागून बघून झालं. सासूबाईंची पंचाहत्तरी तोंडावर आलीय, वंशवृक्ष फ्रेम करून द्यायचाय आणि नेमकी वरचीच चौकट रिकामी. फ्रेमवाला फोन करकरून पिडतोय. कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा. चर्चला ईमेल करा असं कृपया सांगू नका, केलाय.

दप्तरदार
गाव कुठलं? काउंटी कुठली? साल? इंग्लंडात जुने पॅरिशच (एकेका चर्चच्या हद्दीतला भाग) दहा हजारांच्या वर आहेत. आणि रजिस्टर बघितलं म्हणजे काय बघितलं: मूळ पानांचे फोटो, की कुणीतरी टाइप केलेली यादी? लग्नाचं रजिस्टर आणि बॅन्सचं (म्हणजे लग्नाआधी चर्चमध्ये पुकारलेल्या घोषणांचं) रजिस्टर यांत फरक असतो, ते दोन्ही बघितलंत का?

गोदाकाठ
ताई, आपल्याकडे हे सोपं होतं बघा. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांच्या वहीत माझ्या खापरपणजोबांची सही आहे, मोडीत. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बरोबर ती वही काढतात. साहेबाला असली व्यवस्था कुठून सुचणार!

दप्तरदार
@गोदाकाठ साहेबाला 1538 मध्येच सुचली होती. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहून ठेवावं. पुढे 1598 पासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत पडली. मूळ वही भिजली, जळली, उंदरांनी खाल्ली तर त्या नकला कामी येतात.
धागाकर्त्या, उत्तर द्या.

मिरी_लवंग
विल्टशर. अठराव्या शतकाचा शेवट. जॉन आणि मेरी. आडनाव देत नाही, सासरच्यांना असं उघड्यावर टाकलेलं चालणार नाही.

लेस्टरचा_बंड्या
जॉन आणि मेरी! पुण्यात जोशी शोधण्यासारखं झालं हे. ते सगळं सोडा, नवऱ्याची डीएनए टेस्ट करून घ्या. माझ्या बॉसने केली, सगळा वंशवृक्ष आपोआप आला.

दप्तरदार
आपोआप काही येत नाही. आजच्या कुणाशी रक्ताचं नातं जुळतं एवढं डीएनए सांगेल. दोनशे वर्षांपूर्वी लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं हे थुंकीतून कळत नाही.

लेस्टरचा_बंड्या
पण मेरीच्या माहेरचे वंशज तिथे सापडले की आडनाव कळेल ना? तुम्हाला कागदाशिवाय काही पटतच नाही.

पोटभाडेकरू
मॅरेज सर्टिफिकेटसाठी लोकल रजिस्टर ऑफिसमध्ये अर्ज करायचा. भारतात वापरायचं असेल तर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) लागतं, ते लीगलायझेशन ऑफिसकडून होतं. आमचं तसंच केलं होतं. मे 2021 पासून इंग्लंड-वेल्समध्ये सर्टिफिकेटवर आईचंही नाव येतं, त्याआधी फक्त वडिलांचं यायचं. स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना, बघून घ्या.

मिरी_लवंग
@पोटभाडेकरू माझं लग्न नाही हो. दोनशे वर्षांपूर्वीचं आहे.

पोटभाडेकरू
ओह. मग अपोस्टिल बहुतेक नाही लागणार.

आडवाटेची_पाटी
विल्टशरमध्ये बारा वर्षं राहिले आहे म्हणून लिहिते. या काउंटीची दप्तरं चिपेनहॅमला आहेत, विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटरमध्ये. पूर्ण भरलेल्या जुन्या वह्या आता चर्चमध्ये नसतात, 1978 च्या कायद्यानंतर बहुतेक तिथे जमा झाल्या. त्यामुळे चर्चला केलेल्या ईमेलला उत्तर येणारच नाही, आलं तर व्हिकरबाईंचा (तिथल्या धर्मगुरूंचा) चांगुलपणा समजा. घरबसल्या बघायचं असेल तर फ्रीरेग ही साइट फुकट आहे, स्वयंसेवकांनी वह्या वाचून भरलंय. फॅमिलीसर्चही फुकट.

लेस्टरचा_बंड्या
फ्रीरेगवर निम्मे पॅरिश नाहीत. सरळ ॲन्सेस्ट्री या साइटचं सबस्क्रिप्शन घ्या.

आडवाटेची_पाटी
लायब्ररीत जाऊन बसा, बहुतेक काउंटींच्या लायब्रऱ्यांत ॲन्सेस्ट्री फुकट बघता येतं. पैसे कशाला घालवायचे?
आणि मिरी, गावाचं नाव सांग गं. दोनशे वर्षांपूर्वीच्या गावाचं नाव सांगितल्याने कुणाच्या घरावर दरोडा पडत नाही.

मिरी_लवंग
पॉटर्न. डिव्हायझेसच्या दक्षिणेला. पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा 1799. मी 1785 ते 1800 सगळी लग्नं बघितली, मूळ पानांचे फोटो, टाइप केलेली यादी नाही. त्या आडनावाची दुसरी लग्नं आहेत, हे नाही.

इतिहासाचा_किडा
कारण सोपं आहे. 1783 मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. गरीब लोक नोंदच करत नव्हते. नोंद अस्तित्वातच नसणार.

दप्तरदार
कर होता, बरोबर. पण तो 1794 मध्ये उठला आणि ज्यांना पॅरिशकडून मदत मिळे त्यांना तो माफ होता. बाप्तिस्मे चुकवता यायचे, लग्न कसं चुकवणार? 1754 पासून हार्डविकचा कायदा लागू होता. तीन रविवार चर्चमध्ये बॅन्स पुकारायचे किंवा लायसन्स (बिशपचा परवाना) काढायचं, लग्न चर्चमध्येच लावायचं, छापील रजिस्टरमध्ये दोघांनी आणि दोन साक्षीदारांनी सही करायची, लिहिता येत नसेल तर फुली मारायची. क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडले तर यातून कुणाची सुटका नव्हती. हे केलं नाही तर कायद्याने लग्नच नाही.

इतिहासाचा_किडा
मग ग्रेटना ग्रीन. पळून जाऊन स्कॉटलंडमध्ये लग्न करायचे, तिथे हा कायदा लागू नव्हता.

दप्तरदार
विल्टशरचा शेतमजूर तीनशे मैल पळणार, कापणीच्या हंगामात मजुरी बुडवून? ग्रेटना ग्रीन घोडागाडीवाल्यांसाठी होतं. (जॉन शेतमजूरच होता ना? तेही सांगितलेलं नाही.)

मिरी_लवंग
हो, शेतमजूर. जनगणनेत लिहिलंय.

दप्तरदार
जनगणना आहे तुमच्याकडे?! आत्ता सांगताय? कुठल्या सालची? मेरी तेव्हा जिवंत होती का?

मिरी_लवंग
1841 आणि 1851. 1851 मध्ये मेरी आहे, विधवा, वय 76. मला लग्न हवंय, जनगणना कशाला लागते?

आडवाटेची_पाटी
अगं, 1851 च्या जनगणनेत जन्म कुठल्या पॅरिशमध्ये झाला ते लिहिलेलं असतं! 1841 मध्ये फक्त "याच काउंटीत जन्म का" एवढंच विचारलं होतं, आणि मोठ्या माणसांची वयंही पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायचे. त्यामुळे 51 सालापर्यंत टिकलेला पूर्वज म्हणजे लॉटरी. मेरीपुढे काय लिहिलंय?

मिरी_लवंग
सॉमरसेट, फ्रूम.

आडवाटेची_पाटी
😀

दप्तरदार
मिळालं तुमचं लग्न. नवरीच्या पॅरिशमध्ये लग्न लावायची रीत होती. तुम्ही नवऱ्याच्या गावात शोधताय. मुलं, दफनं सगळी पॉटर्नला आणि लग्न फ्रूमला, हे अगदी नेहमीचं. सॉमरसेटची दप्तरं टॉन्टनला आहेत आणि तिथला बिशप वेगळा, बाथ अँड वेल्सचा. पॉटर्न सॉल्झबरीच्या बिशपकडे. म्हणून विल्टशरच्या यादीत कितीही डोकं फोडलं तरी ते दिसणार नव्हतं.

सालसेतकार
गोव्यातून लिहितो. आमच्या सासष्टीतल्या चर्चच्या लग्नाच्या वह्यांत नवरा-नवरीच्या आईवडलांची नावं सापडतात, पोर्तुगीजमध्ये. कॅथलिकांत 1563 च्या ट्रेंटच्या परिषदेनंतर लग्ननोंदी सक्तीच्या झाल्या. माझ्या आजोबांच्या वहीवर वाळवी लागली होती, पाद्रीने कुणाला हातच लावू दिला नाही. तुमच्या त्या जॉनच्या बापाचं नाव लग्नात मिळेल का?

दप्तरदार
नाही. इंग्लंडमध्ये वडिलांचं नाव आणि धंदा 1 जुलै 1837 नंतरच्या नोंदींत येतो. त्याआधी नावं, पॅरिश, बॅन्स की लायसन्स, तारीख, सह्या, साक्षीदार. लायसन्सने लागलं असेल तर बिशपच्या दप्तरात अर्ज आणि हमीपत्र मिळतं, त्यात कधी जास्त मजकूर असतो. मजुराकडे लायसन्सचे पैसे क्वचितच असत, म्हणून बॅन्सच धरा.

गोदाकाठ
आमच्या उपाध्यांच्या वहीत मात्र तीन पिढ्यांची नावं एका ओळीत.

इतिहासाचा_किडा
तारखा बघताना सावध राहा, पूर्वी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारीतलं लग्न एक वर्ष मागे लिहिलेलं असतं.

आडवाटेची_पाटी
ते 1752 च्या आधीचं. तेव्हाच सप्टेंबरातले अकरा दिवसही गाळले, दोननंतर एकदम चौदा. 1790 च्या लग्नाला त्याचा काय संबंध?

इतिहासाचा_किडा
माहिती म्हणून दिली. धागा सगळ्यांसाठी असतो.

मिरी_लवंग
मिळालं!!! फ्रूम, ऑक्टोबर 1797. जॉन "पॉटर्न, विल्ट्स काउंटी" असं स्पष्ट लिहिलंय, मेरी "याच पॅरिशची", बॅन्सने. जॉनची वाकडीतिकडी सही आहे, मेरीची फुली. माहेरचं आडनावही कळलं. आडनावाचं स्पेलिंग वेगळंच लिहिलंय, म्हणून सर्चमध्ये येत नव्हतं, शेवटी 97 ची पानं एकेक करून उलटली. दप्तरदार, पाटीताई, तुमचे पाय कुठे आहेत? फ्रेमवाल्याला कळवते.

दप्तरदार
थांबा. फ्रेमवाल्याला आजच कळवू नका. पॉटर्नमध्ये त्याच नावाचे दोन जॉन नव्हते कशावरून? चुलतभावांची नावं सर्रास एकच असत. दोघं वेगळ्या पॅरिशचे असले तर बॅन्स दोन्हीकडे पुकारावे लागत. म्हणजे पॉटर्नच्या बॅन्सच्या वहीत 1797 च्या शरदात हीच जोडी आली पाहिजे. ती वही बघितलीत?

मिरी_लवंग
बॅन्सची वही वेगळी असते हे कुणी सांगितलंच नाही.

आडवाटेची_पाटी
पहिलाच प्रतिसाद वाच. 🙂 पण एक आहे, बॅन्सच्या वह्या सगळीकडे टिकलेल्या नाहीत. नुसते बॅन्स पुकारले म्हणजे लग्न लागलंच असंही नसतं, पण तुझ्याकडे लग्न आहेच. साक्षीदार कोण आहेत?

मिरी_लवंग
एक मेरीच्याच माहेरच्या आडनावाचा. दुसरं नाव आधीच्या आणि नंतरच्या लग्नांतही दिसतंय, सगळीकडे तोच माणूस.

आडवाटेची_पाटी
तो बहुतेक पॅरिश क्लार्क, म्हणजे चर्चचा कारकून. रोजचा साक्षीदार, त्याच्यात अडकू नकोस. पहिला महत्त्वाचा, भाऊ किंवा बाप असू शकतो.

लेस्टरचा_बंड्या
बाप की भाऊ हे डीएनएने कळलं असतं.

दप्तरदार
कुणाचं डीएनए? थडगं उकरून?

मिरी_लवंग
पॉटर्नच्या बॅन्समध्ये आहेत दोघं! तीन रविवारांच्या तारखा, 1797, शेवटचा रविवार फ्रूमच्या लग्नाच्या आधीचाच. दुसरा जॉन दिसतो, पण त्याचं लग्न 1791 मध्ये पॉटर्नलाच झालंय, बायको ॲन. आता फ्रेम पाठवू?

दप्तरदार
पाठवा.

सोनटक्का_77
धागा पूर्ण वाचला नाही. जीआरओच्या (जनरल रजिस्टर ऑफिसच्या) वेबसाइटवर जन्म-मृत्यू-लग्न सगळ्यांची सर्टिफिकेटं ऑनलाइन मागवता येतात, पोस्टाने घरी.

आडवाटेची_पाटी
जीआरओ 1837 पासून सुरू होतं. लग्न 1797 चं आहे.

मिरी_लवंग
आता शेवटचं एकच. मेरीचा बाप्तिस्मा फ्रूमच्या चर्चमध्ये साधारण 1775 ला असायला हवा, तो नाहीये. 1770 ते 80 सगळं बघितलं. आडनावाची सगळी स्पेलिंगं घेऊन. माहेरचे लोक आकाशातून पडले का?

दप्तरदार
चर्च ऑफ इंग्लंड सोडून कुठे शोधलंत? फ्रूम लोकरी कापडाचं गाव, तिथे विणकरांत चॅपलला जाणारे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांचे, पुष्कळ. रूक लेनचं चॅपल 1707 मधलं आहे. चॅपलवाल्यांनाही लग्न मात्र कायद्यामुळे पॅरिश चर्चमध्येच लावावं लागायचं, म्हणून लग्न सापडलं आणि बाप्तिस्मा नाही. 1837 नंतर अशा चॅपलांनी आपल्या वह्या सरकारजमा केल्या, त्या आता लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आरजी4 या मालिकेत आहेत आणि ऑनलाइनही बघता येतात. घर बॅप्टिस्ट असेल तर लहानपणीचा बाप्तिस्माच नसेल, जन्माची नोंद शोधा. आणि नवीन धागा काढा, त्यात गाव, साल, धंदा पहिल्याच ओळीत लिहा.