मदत हवी आहे : चालत्या-फिरत्या डिमेन्शिया पेशंटसाठी निवासी केंद्र (मुंबई किंवा जवळपास)

आत्या, वय 78. अविवाहित, टेलिफोन खात्यातून निवृत्त, पेन्शन आहे. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. बी-12, थायरॉइड, एमआरआय सगळं झालंय, तेव्हा ते सल्ले कृपया नकोत. गेल्या महिन्यात एमएमएसई (स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी) 30 पैकी 13. डोनेपेझिल आणि मेमँटिन ही अल्झायमरची औषधं चालू.

पार्ल्याला आमच्याच वन बीएचकेत राहते. आम्ही दोघं नोकरीला, लेक दहावीला. दिवसा ब्युरोची बाई असते, सहा महिन्यांत ही चौथी. दुपार बरी जाते. पाच वाजले की आत्या साडी बदलते, पर्स घेते आणि "निघते रे, उशीर झाला" म्हणत दाराशी. तिला गिरगावात, चाळीतल्या घरी जायचं असतं. चाळ पाडून टॉवर झाला हे सुरुवातीला सांगायचो. दर वेळी तिला ते नव्यानं कळायचं आणि ती रडायची. आता सांगत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी बाई गॅलरीत कपडे काढत होती, तेवढ्यात आत्या निघाली. पार्ले स्टेशनवर सापडली. चर्चगेट स्लोचा प्लॅटफॉर्म, लेडीज डबा येतो बरोब्बर तिथे उभी. माझं नाव विसरते, ते नाही विसरली!

आठ ठिकाणी फोन केले, तीन पाहिली. वृद्धाश्रमवाले विचारतात, स्वतःचं स्वतः करतात का? नाही म्हटलं की विषय संपला. नर्सिंग केअरवाल्यांना अंथरुणावरचा पेशंट हवा. एका बाईंनी सरळ सांगितलं, "चालत्या पेशंटची जबाबदारी आम्ही घेत नाही." म्हणजे आत्याचे पाय धड आहेत हाच तिचा गुन्हा. एका ठिकाणी घेतो म्हणाले. महिना 48 हजार, डायपर-औषधं वेगळी, अनामत दोन लाख. दुपारी चारला गेलो तर सगळे गाढ झोपलेले. झोपेच्या गोळ्या देता का विचारलं, तर "शांत ठेवावं लागतं ना."

बजेट 45 पर्यंत. कर्जत-पनवेलला मोकळी जागा मिळते, पण दर रविवारी जाणं होईल का? तिचे व्यवहार बघायला कुलमुखत्यारपत्र करून ठेवू का? (चुलतभावाचं मत आहे की घरीच ठेवावं. त्याच्या घरी नाही, माझ्या.)

प्रतिसाद
आईच्या वेळी यातून गेलोय. मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. 13 स्कोअरवर सही घेतलीत तर पुढे वादाला जागा. वकिलाला पालकत्वाच्या (कोर्टानं तुम्हाला आत्यांचे कायदेशीर पालक नेमण्याच्या) अर्जाबद्दल विचारा, त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं.

केंद्र बघायला दुपारी जाऊ नका, संध्याकाळी सहाला जा. तिन्हीसांजेला ही माणसं बिथरतात, तेव्हा तिथली माणसं काय करतात ते बघा. रात्री दहा पेशंटमागे किती जण जागे असतात ते विचारा. बंद गेटच्या आत फिरायला अंगण आहे का? अनामत परत कधी, हे लेखी घ्या. आधी पंधरा दिवस ठेवून बघू देत नसतील तर सोडा. आणि एकदम बिथरल्या तर आधी लघवी तपासा. आईला इन्फेक्शन होतं, आम्ही आजार वाढला समजून बसलो.

एआरडीएसआय या अल्झायमर-डिमेन्शियासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मुंबई शाखेत चौकशी करा. 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

धागाकर्ता
आभार. कलम 201 माहीतच नव्हतं, सोमवारी वकिलांना भेटतो. लघवीची तपासणी उद्याच.

शनिवारी सहाला विरारच्या बाजूचं एक केंद्र बघायला जातोय, आत्यालाही नेणार. गाडीनं नाही, लोकलनं. तेवढाच तिचा प्रवास होईल. त्या बाजूला कुणी आपलं माणूस ठेवलं असेल तर शुक्रवारपर्यंत लिहा.