मदत हवी आहे: जुन्या तीन इंची लाइनवर दोन मोटारी की एकच मोठी?

नमस्कार मंडळी,

उत्तर सोलापुरात नान्नजच्या बाजूला आमची द्राक्षबाग आहे. विहिरीला दिवाळी ते संक्रांत पाणी भरपूर, पुढे उपसा कमी होत जातो. तेवढ्यात शेततळं भरून घेतलं की एप्रिलच्या खरड छाटणीनंतर टँकरच्या मागे पळावं लागत नाही. थ्री फेज मिळते आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठ तासांत तळ्यात जेमतेम १ लाख ४४ हजार लिटर पडतं. ते वाढवायचंय.

सध्या तीन एचपीचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्रच) आहे, विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेला. तिथून तळ्यापर्यंत १८०० फूट तीन इंची पीव्हीसी, चार किलो दाब सोसणारी. चढ ६० फूट. तळ्याच्या टोकाला २०० लिटरचं बॅरल ४० सेकंदांत भरतं, म्हणजे सेकंदाला पाच लिटर. डिलिव्हरीला दाबाचं गेज बसवलंय. मोटार चालू असताना काटा २.३ किलोवर असतो, गेटव्हॉल्व्ह पूर्ण आवळला की ३.२ वर जाऊन थांबतो. एक किलोला दहा मीटर धरले तर २३ मीटरमधले १८ नुसत्या चढाचे, उरलेले पाच पाइपातल्या घर्षणात जातात.

दुकानदार म्हणतो, "अजून एक तीन एचपी शेजारी बसवा, दुप्पट पाणी. त्यात काय हिशेब करायचा ओ!" मला हे पटत नाही. त्याच लाइनमधून दुप्पट पाणी ढकलायचं तर घर्षण दुपटीने नाही, जवळपास पावणेचार पटीने वाढतं. पाच मीटरचे १९ होतात आणि एकूण हेड (चढ आणि घर्षण मिळून पंपाने द्यायची उंची) जातं ३७ मीटरवर. ही मोटार तर ३२ च्या वर चढतच नाही. शेजारी दुसरी लावली तरी पाण्याची बेरीज होईल, हेडची नाही. गेजच्या आकड्यांवरून पंपाचा आणि लाइनचा कर्व्ह (किती पाण्याला किती हेड, ती रेषा) कागदावर काढला (अंदाजेच, कंपनीचा कर्व्ह हातात नाही), तर दोन्ही एकमेकांना सेकंदाला सात लिटरला छेदतात. म्हणजे दोन मोटारी चालवून पाणी फक्त १.४ पट.

मग एकापुढे एक, सीरिजमध्ये? त्यात हेडची बेरीज होते, पण या लाइनवर तिथेही पाणी सातच्या आसपासच येतं. वर धोका असा की तळ्याकडचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर लाइनवर ६.४ किलो दाब बसणार, आणि पाइप आहे चार किलोचा. रात्रीची लाइट असताना हे नकोच.

तेच सात लिटर २८ मीटर हेडवर देणारी एकच पाच एचपी मिळाली तर दोन तीन एचपींपेक्षा वीज कमी लागेल असं वाटतं. पण ऐन हंगामात ती जळाली तर सगळंच बंद. दोन असल्या की एक तरी चालू राहते. शिवाय आमच्या डीपीवर लाइट आल्या आल्या व्होल्टेज पडतं, तेव्हा लहान मोटारी एकामागून एक चालू करणं सोपं.

खरं तर मला पैसे मोटारीपेक्षा पाइपात घालावेत असं वाटायला लागलंय. दोन मोटारी ठेवून पूर्ण लाइन चार इंची केली तर पाणी सेकंदाला नऊ लिटरच्या वर जातं. जुनी तशीच ठेवून निम्म्या अंतरापर्यंत दुसरी तीन इंची शेजारून टाकली आणि मध्ये जोडली तर आठ. कोणी असा अर्धा जोड प्रत्यक्षात केलाय का? तो पंपाच्या टोकाला करायचा की तळ्याच्या, माझ्या हिशेबात फरक पडत नाही. हवा अडकणं वगैरे धरून शेतात पडतो का?

दुसरं म्हणजे जुन्या मोटारीचा इम्पेलर (पंपातला पाणी फेकणारा पंखा) झिजलेला आहे. नवी तीन एचपी ३६ मीटरपर्यंत चढणारी निघाली, तर दोन्ही एका हेडरला (सामाईक पाइपाला) जोडल्यावर जुनीचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नीट उघडेल, की ती थोडंसंच पाणी देत तापत बसेल? आधी जुनीचा इम्पेलर बदलून मग जोडी लावावी का?

पाणी खाली गेलं की कट्ट्यापासून सक्शन पंधरा फुटांपर्यंत जातं. दोन मोटारींना एकच सक्शन द्यायचा विचार नाही, फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) वेगवेगळेच ठेवणार आहे. पाच एचपी घेतली तर सक्शन तीन इंचीच पुरेल का, हेही सांगा.