पंधरा-वीस दिवस वीज गेली तर? विहीर, इन्व्हर्टर, इन्सुलिन – सल्ला हवा (दापोली तालुका)

वाडीवरची:
घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, चिऱ्याचं, कौलारू. माणसं चार, त्यांत सासूबाई इन्सुलिनवर. विहीर ३५ फूट खोल, मे महिन्यात पाणी ३० फुटांवर जातं. पंप एक एचपीचा, वर हजार लिटरची टाकी. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर दोन वर्षांपूर्वीचा.
३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले होते. त्यामुळे दोन तासांच्या भारनियमनाची नाही, वीस दिवसांची तयारी करायची आहे. दुसरी बॅटरी घ्यावी, जनरेटर घ्यावा, की छपरावर सोलर? सोलरला अनुदान मिळतंय म्हणे. आणि पाण्याचं, इन्सुलिनचं काय करायचं?

तारजोडणी:
ताई, दुसरी बॅटरी सगळ्यात शेवटी. बॅटरी ही टाकी आहे, झरा नव्हे. एक असो की दोन, भरणारं कुणी नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही रिकाम्या.

हिशोब असा. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. ट्युब्युलर बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी ९००. त्यातलं इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा केलं की साधारण ७५० उरतात. तीन एलईडी बल्ब (९ वॅट) पाच तास: १३५. चार मोबाइल: ६०. दोन पंखे रात्री आठ तास: साधे ७५ वॅटचे असतील तर १२००, बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरचे, कमी वीज खाणारे) ३० वॅटचे असतील तर ४८०. म्हणजे साध्या पंख्यांवर बॅटरी पहाटेच्या आधीच बसते आणि बीएलडीसीवर रात्र निघून थोडी शिल्लक राहते. पहिला खर्च पंखे बदलण्यावर करा.

अनुदानाच्या सोलरबद्दल. पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ पासून) घरोघरी बसतं ते बहुतेक ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बॅटरीशिवायचं. लाइन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, भर दुपारी ऊन असलं तरी. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे, नाहीतर तुमच्या छपरावरची वीज तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला मारेल. बिल कमी करायला ते उत्तम, वादळाला निरुपयोगी. बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर गोष्ट वेगळी, पण तो वेगळा खर्च आहे आणि दुकानदाराकडून "लाइन नसताना चालेल" हे कोटेशनवर लिहून घ्या.

तुमच्यासाठी वेगळं, छोटं बघा: ३३५ वॅटची दोन पॅनेलं, ३० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलचा जादा व्होल्टेज वाया न घालवता करंटमध्ये बदलून बॅटरी भरणारा डबा), थेट सध्याच्या बॅटरीला. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर घेऊ नका. या पॅनेलचा व्होल्टेज ३७-३८ असतो, पीडब्ल्यूएम तो बॅटरीच्या १३ वर दाबून बाकीचं वाया घालवतो. दोन्ही पॅनेलं पॅरलल जोडा आणि कंट्रोलर १०० व्होल्टचा असू दे. कडक उन्हात दोन पॅनेलं ५० अँपिअरपर्यंत देऊ पाहतील. १५० एएचच्या बॅटरीला १५ ते ३० पुरे, त्यामुळे ३० वर थांबणारा कंट्रोलर इथे दोष नाही, सोयच आहे. मात्र जादा पॅनेल सोसतो असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असायला हवं.
पॅनेल ते कंट्रोलर ४ चौरस मिमीची सोलर केबल. कंट्रोलर ते बॅटरी १० चौरस मिमी, दोन मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या अगदी टोकाला ४० अँपिअरचा फ्यूज.

अपेक्षा मात्र खाली ठेवा. आषाढातल्या घट्ट आभाळात एक पॅनेल दिवसभरात २५०-४०० वॅट-तास देईल. दोन मिळून दिवे, मोबाइल आणि एक पंखा होतो. फ्रिज होत नाही.

खांबावरून_खाली:
वरच्याला पुस्ती. पॅनेल कौलांवर बसवू नका, वाऱ्यात कौलांसकट जाईल. अंगणात चिऱ्याच्या दोन बुटक्या भिंती बांधून त्यावर बसवा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तम, आणि आटे ग्रीस लावूनच आवळा. खाऱ्या वाऱ्यात साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून एकजीव होतात, आणि वादळाचा इशारा आल्यावर पॅनेल उतरवायचं तर तेव्हाच ते सुटत नाहीत. एका पॅनेलचं वजन २२ किलोच्या आसपास, दोन माणसं लागतात. आधी पॅनेलकडचा एमसीबी (छोटा ब्रेकर स्विच) बंद, मग कनेक्टर ओढायचा. चालू करंटवर ओढला तर ठिणगी पडून तो जळतो.
बॅटरी जोत्याच्या वर, हवा खेळेल अशा जागी. देवघराच्या बंद खोलीत नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. पाणी डिस्टिल्डच घाला, पागोळ्यांचं नाही.

देवगड_काठ:
पंपाचा कायव होवंदे, राट (रहाट) आधी बसवा.

चार माणसांना पिण्या-सांडायला दिवसाला १६० लिटर धरा, नऊ लिटरच्या बादलीने अठरा खेपा. राट बसवलेला असेल तर हे अर्ध्या तासाचं काम. नुसत्या काठावरून ओढायचं तर तिसऱ्या दिवशी कंबर बोलते. दोर मे महिन्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा दहा-बारा फूट लांब, म्हणजे तुमच्याकडे ४२ फूट. नायलॉनचा पातळ दोर हात कापतो आणि ओला झाला की सटकतो. काथ्याचा हातात बसतो, पण कायम ओला राहिला की कुजतो, म्हणून एक वापरात आणि एक पडवीत कोरडा टांगलेला. बादली सुटून तळाला जाणारच, गळ घरात हवा.

वादळानंतर विहिरीत पाला, कधी मेलेलं पाखरू. पाला काढून ब्लिचिंग पावडर टाका. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली मीटरमध्ये, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर साधारण १४ हजार लिटर, ३५ ग्रॅम पावडर. सुकी टाकू नका. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती दोराने पाण्याखाली सोडून हलवा. तासभर पाणी काढायचं नाही. पावडर दमट हवेत जोर सोडते. उघडं पडलेलं मागच्या वर्षीचं पाकीट म्हणजे नुसता चुना.
आणि आरओ-यूव्हीचा फिल्टर वीज नसताना शोभेचा. आत मेणबत्तीच्या आकाराच्या कँडल असलेला स्टीलचा फिल्टर असेल तर फेकू नका.

औषधाची_पेटी:
इन्सुलिनबद्दल घाबरू नका, पण तारीख लिहा. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस पाकिटावर असतात, तेच खरे धरा. न उघडलेलंही फ्रिजबाहेर राहिलं की त्याचे तेवढेच दिवस मोजायचे. म्हणजे वीस दिवस फ्रिज बंद राहिला म्हणून औषध लगेच फुकट जात नाही. फ्रिज बंद पडला त्या दिवसाची तारीख प्रत्येक बाटलीवर चिकटवा, पुढे ती पुन्हा फ्रिजमध्ये गेली तरी ते दिवस परत मिळत नाहीत.

मडक्यात मडकं ठेवून गारवा करायची युक्ती सगळीकडे सांगतात. घाटावर कोरड्या उन्हात ती छान चालते. आपल्याकडे जूनमध्ये हवाच ओलीचिंब, पाणी उडत नाही, त्यामुळे फरक दोन-तीन अंशांचा पडतो. पावसात तेवढाही पुरतो, कारण बाहेरच २६-२८ असतं. खरा त्रास मे आणि ऑक्टोबरचा. आतल्या खोलीत, जमिनीलगत, माठाशेजारी स्टीलच्या डब्यात ठेवा.
बर्फावर थेट कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यावर भिस्त ठेवू नका. त्यालाही वीजच लागते.
स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं तर टाकून द्या. मिश्र प्रकारचं मुळातच दुधाळ असतं, त्यात हलवूनही न मोडणाऱ्या गुठळ्या दिसल्या तर टाका. मे महिन्यात डॉक्टरांकडून एक महिन्याची जादा चिठ्ठी, सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घेऊन ठेवा.

वाडीवरची:
खूप उपयोगी. जनरेटरचं कुणीच बोललं नाही. शेजारी म्हणतात दोन्ही बाजूंनी पिन असलेली वायर करून पडवीतल्या सॉकेटमध्ये घातली की अख्खं घर चालतं.

तारजोडणी:
ती वायर आजच तोडून टाकायला सांगा. मेन स्विच पाडायचा राहिला की जनरेटरची वीज मीटरमधून डीपीपर्यंत (गावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) उलटी जाते, आणि डीपी २३० चे परत हजारो व्होल्ट करून देतो. तार जोडणारा माणूस मरतो. शिवाय मोकळ्या पिनेला हात लागला की घरातलंच माणूस. मीटरनंतर दोन पोलचा चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

जनरेटर घ्यायचाच तर ३ केव्हीए. एक एचपीचा पंप चालताना हजार-अकराशे वॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, दोन केव्हीएचा तिथेच गुदमरतो. एक दिवसाआड एक तास चालवा: आधी पंप, टाकी भरली की पंप बंद करून बॅटरी आणि फ्रिज. तासाला सव्वा ते दीड लिटर पेट्रोल धरा, वीस दिवसांना पंधरा लिटर. घरात विनापरवाना ३० लिटरच्या वर ठेवता येत नाही, आणि ठेवायचं ते पत्र्याच्या घट्ट डब्यात, चुलीपासून लांब. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आपल्या दमट हवेत पाणी धरतं, दर तीन महिन्यांनी ते स्कूटरमध्ये ओता आणि ताजं भरा. काम झालं की जनरेटरचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या, नाहीतर पुढच्या वेळी दोरी ओढत बसाल.
जनरेटरवर इन्व्हर्टर चार्ज होत नाही अशी तक्रार हमखास येते. मागचं बटण यूपीएस मोडवर असतं, ते साध्या मोडवर करा, मग तो कमी-जास्त व्होल्टेज घेतो.
आणि पडवीत नाही. पाऊस असला तरी घरापासून वीस फुटांवर, वेगळ्या पत्र्याखाली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेलं माणूस उठतच नाही.

खांबावरून_खाली:
माझं मत वेगळं. राट, दोन पॅनेलं आणि बीएलडीसी पंखे असतील तर जनरेटर नको. आवाज, पेट्रोल, देखभाल, आणि वर्षभर पडून राहिला की ऐन वेळी सुरू न होणं. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तरच. तो ३००-३५० वॅट खातो, तुमची बॅटरी त्याला दोन तास पुरेल.

चुलीपाशी:
गॅसचा भरलेला दुसरा सिलिंडर जूनच्या आत. सरपण १५ मेपर्यंत माळ्यावर गेलं पाहिजे. नारळाची सोडणं, करवंट्या पेटवायला, जाड लाकूड आंब्या-फणसाचं. पिठाची गिरणी बंद होते हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पावसाळ्यात पिठात तीन-चार आठवड्यांत अळ्या. म्हणून पीठ पंधरा दिवसांचंच, बाकी तांदूळ, पोहे, कुळीथ, आमसूल, सुकट. मिक्सर नाही, पाटा-वरवंटा टाकवून (टाकीने खडबडीत करून) घ्या. फ्रीझर गच्च भरलेला आणि न उघडलेला असेल तर दोन दिवस टिकतो, खालचा फ्रिज चार तास. पहिल्या दिवशी तेच आधी संपवा.

सड्यावरचा:
मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत बसतात, म्हणून सेलवर चालणारा रेडिओ. एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद, सुटे पैसे घरात.

वाडीवरची:
शेवटचं एक. वीज परत येते तेव्हा काही काळजी?

तारजोडणी:
तेव्हाच जास्त उपकरणं जळतात. वीज गेली की मेन पाडून ठेवा आणि आली तरी लगेच उचलू नका. झाडं पडून न्यूट्रल तुटलेला असेल तर २३० च्या जागी घरात ३००-४०० व्होल्ट येतात. साधा मल्टिमीटर घ्या. आतले सगळे एमसीबी खाली, एकच सॉकेटचा वर, मग मेन उचलून तिथे मोजा. २०० ते २५० च्या मध्ये दहा मिनिटं स्थिर राहिलं तर एकेक वर करा, फ्रिज आणि पंप सगळ्यात शेवटी. २६० च्या वर दिसलं तर मेन पुन्हा पाडा आणि वायरमनला कळवा. फोन लागत असेल तर १९१२.