आर्चर मासे घेतले आहेत. पाणी गोडे ठेवावे की मचूळ?

खिडकीतली_टाकी (प्रश्न)

नमस्कार. सहा आठवड्यांपूर्वी मी तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारे तीन आर्चर मासे विकत घेतले. प्रत्येकाची लांबी साधारण तीन इंच आहे. विक्रेत्याने ते गोड्या पाण्यात सहज राहतात असे सांगितले होते, आणि त्याच्या टाकीतही ते गोड्या पाण्यातच होते. माझी टाकी 3 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून मासे उडी मारतात म्हणून ती तीन-चतुर्थांशच भरलेली आहे. पाणी ठाण्यातले नळाचे, क्लोरीन घालवून वापरलेले. पहिले पाच आठवडे सर्व ठीक होते. मात्र आठवडाभर एक मासा पंख मिटून कोपऱ्यात थांबतो आणि खाद्य जवळ आले तरी तोंड फिरवतो. उरलेले दोघे तरंगणाऱ्या गोळ्या खातात.

आता वाचून कळते की हे मासे खाडीतले आहेत. मीठ घालायचे झाल्यास स्वयंपाकातले जाडे मीठ चालेल का? खाडी घरापासून दहा मिनिटांवर आहे, तर तिथलेच पाणी गाळून आणणे अधिक नैसर्गिक ठरेल का? आणखी एक शंका, थोडी बालिश वाटेल: ज्या पिचकारीसाठी हे मासे घेतले, ती त्यांनी एकदाही मारलेली नाही. हे आजाराचे लक्षण समजावे का?

तिवरकाठ

आधी आजारी माशाबद्दल, कारण बाकी सर्व थांबू शकते. मीठ घालण्यापूर्वी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजून घ्या. सहा आठवड्यांच्या टाकीत माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे फिल्टरमधले जिवाणू पुरेसे वाढलेले नसण्याची शक्यता बरीच असते, आणि आर्चर हा मांसाहारी, भरपूर खाणारा व तेवढीच घाण करणारा मासा आहे. अमोनिया दिसला तर दोन-तीन दिवस रोज पाव टाकी पाणी बदला आणि खाद्य निम्म्यावर आणा.

खाडीचे पाणी आणू नये. आपल्याकडच्या शहरी खाड्यांमध्ये सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, ते फडक्याने गाळून निघत नाही. शिवाय त्यासोबत परजीवी येतात. भरती-ओहोटीनुसार आणि ऋतूनुसार त्याचा खारटपणाही बदलत राहतो, त्यामुळे आज आणलेले आणि पावसाळ्यात आणलेले पाणी सारखे नसते. आणि सजावटीसाठी तिवराची मुळे तोडून आणण्याचा मोह झालाच, तर कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे हे लक्षात असू द्या. बाजारात मिळणारी वाळकी लाकडे तेवढीच शोभतात.

जाडे मीठ म्हणजे जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाण्याचा पीएच टिकवून धरणारे क्षार असतात. मुंबई-ठाण्याला तलाव-नद्यांचे पाणी येते आणि ते मृदू असते. त्यात नुसते जाडे मीठ घातल्यास पाणी खारट होईल, पण खाडीसारखे होणार नाही. म्हणून सागरी मत्स्यालयासाठी बनवलेले मिश्रमीठच घ्यावे. ते महाग असले तरी तुमच्या टाकीला लागते किती, ते पाहा. तुमच्या मापात टाकी पूर्ण भरली तर सुमारे 190 लिटर, म्हणजे सध्या साधारण 140 लिटर पाणी आहे. विशिष्ट गुरुत्व (हायड्रोमीटर या उपकरणावर दिसणारे खारटपणाचे माप) 1.005 पर्यंत न्यायला लिटरमागे 7 ते 8 ग्रॅम, म्हणजे एकूण किलोभराहून थोडे जास्त मीठ पुरते.

मात्र हे किलोभर मीठ एका दिवशी घालायचे नाही. मासे खारटपणातला बदल सहन करतात, त्यांचा स्वभावच भरतीबरोबर आत-बाहेर करण्याचा आहे. पण फिल्टरमधल्या गोड्या पाण्यातल्या जिवाणूंना तो सहन होत नाही, आणि ते मेले की अमोनिया पुन्हा वर जातो. त्यामुळे विशिष्ट गुरुत्व आठवड्याला 0.002 पेक्षा जास्त वाढवू नका. दर आठवड्याला 28 लिटर पाणी काढा, तेवढ्याच नव्या पाण्यात बादलीत सुमारे 400 ग्रॅम मीठ विरघळवा, हवेच्या पंपाने काही तास ढवळू द्या आणि मग हळूहळू टाकीत सोडा. दुसऱ्या आठवड्यापासून काढलेल्या पाण्याबरोबर थोडे मीठही बाहेर जाते, म्हणून माझ्या हिशेबापेक्षा हायड्रोमीटरवर विश्वास ठेवा. कोरडे मीठ थेट टाकीत टाकू नका. माशांच्या अंगावर पडले तर भाजते.

जुना_छंदी

मी थोडा वेगळा अनुभव मांडतो. माझ्याकडे आर्चर चार वर्षे पूर्ण गोड्या पाण्यात राहिले आणि त्यांनी माझ्या हातून झुरळे, नाकतोडे सगळे घेतले. टॉक्सोटीस या आर्चर माशांच्या वंशात सर्वच जाती खाडीच्या नाहीत. म्यानमारमधली ब्लिथाय ही नदीतली, आणि मायक्रोलेपिस बराच काळ गोड्या पाण्यात राहते. जात न ओळखता सरसकट मीठ सुचवणे मला योग्य वाटत नाही. 2 फूट रुंदीची टाकी मात्र लवकर घ्यावी लागेल, त्याबाबत दुमत नाही.

तिवरकाठ

आपली हरकत रास्त आहे. जात विचारायला मी विसरलो. दुकानांत सर्वाधिक येते ती जाक्युलॅट्रिक्स. तिच्या पाठीवर चार-पाच काळे त्रिकोणी पट्टे असतात आणि पाठपरावर सहसा चार काटे. चॅटॅरियसच्या अंगावर मोठे आणि लहान ठिपके आळीपाळीने येतात आणि काटे सहसा पाच असतात. चॅटॅरियसचे वर्णन हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात केले, आणि सुंदरबनासारख्या प्रदेशात ती भरती-ओहोटीच्या पाण्यात आढळते. नावांच्या घोळाचा इतिहास जुना आहे: 1764 मध्ये बटाव्हियाहून (आजचे जकार्ता) आलेली पिचकारी मारणाऱ्या माशाची हकीकत श्लॉसर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवली, पण तिच्यासोबत चित्र आणि नमुना होता केलमॉन नावाच्या लांब चोचीच्या दुसऱ्याच माशाचा, ज्याला पिचकारी मारता येतच नाही.

गोड्या पाण्यात चार वर्षे जगलेले मासे माझ्याही पाहण्यात आहेत. मात्र आयुष्य त्याहून बरेच लांब असू शकते, आणि जाक्युलॅट्रिक्ससाठी मी 1.005 ते 1.010 या पट्ट्यालाच प्राधान्य देईन.

खिडकीतली_टाकी

तिन्ही माशांवर त्रिकोणी पट्टे आहेत आणि फोटो मोठा करून काटे मोजले, चार आहेत. मोजमाप असे: अमोनिया 0.5, नायट्राइट 0.25, पीएच 7.2. पीएच वाढवण्यासाठी फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा टाकावा असे एकाने सुचवले आहे. आजच टाकू का?

तिवरकाठ

आज नको. पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियातला खरा विषारी भाग जवळपास दहापट होतो. तेवढाच 0.5 अमोनिया आज माशाला त्रास देत आहे. पीएच वाढल्यावर तोच त्याला मारू शकेल. आधी पाणी बदलत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आणा, ते आठवडाभर शून्यावर राहिले की मीठ सुरू करा, आणि चुरा त्यानंतर. मिश्रमिठानेच पीएच 8 कडे सरकू लागतो, हेही ध्यानात घ्या.

जुना_छंदी

जात जाक्युलॅट्रिक्स ठरली, तेव्हा माझा आक्षेप मागे घेतो. पिचकारीच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही, ते मी देतो.

ती न मारणे हा आजार नाही. जीभ टाळूतल्या खाचेवर दाबून आणि कल्ले झटकन मिटून हा मासा पाणी फेकतो, पण हे त्याचे भक्ष्य पकडण्याचे एकमेव काय, मुख्य साधनही नाही. पाण्यावर पडलेला किडा तो असाच उचलतो, आणि किडा पृष्ठभागापासून थोड्याच उंचीवर असला तर उडी मारून पकडतो. तरंगत्या गोळ्या रोज वेळेवर मिळत असतील तर त्याने नेम कशासाठी धरावा? एक दिवस उपाशी ठेवा. मग टाकीच्या झाकणाखालच्या काचेवर, पाण्यापासून 15 ते 20 सेंटिमीटर वर, ओल्या बोटाने एखादा लहान मीलवर्म (खाद्य म्हणून विकत मिळणारी अळी) चिकटवा. सुरुवातीला उंची कमी ठेवा. एकाने नेम साधला की बाकीचे पाहून शिकतात. जर्मनीत 2006 मध्ये झालेल्या प्रयोगांत, हलत्या लक्ष्यावर एका माशाला नेम धरताना केवळ पाहत राहिलेल्या माशांनाही ते जमू लागले. मात्र तिघांच्या लांबीत फरक पडू देऊ नका. मोठा झाला तो खातो आणि बाकीचे भितीने मागे राहतात.

किड्यांबाबत एक इशारा. घरात गेल्या काही महिन्यांत पेस्ट कंट्रोल झाले असेल, तर घरातले झुरळ टाकीत अजिबात टाकू नका. मीलवर्म किंवा पाळलेले रातकिडे विकत घ्या. कधी सोललेल्या कोळंबीचा तुकडा, कधी डासांच्या अळ्या, असे बदलून द्या. फक्त मीलवर्मवर मासा चरबट होतो.

झाकण घट्ट असावे, आणि त्यावरचा दिवा पाणी उडाले तरी चालेल असा बंदिस्त. हे मासे चकाकणाऱ्या वस्तूवर नेम धरतात आणि खारट पाणी तारेवरून प्लगपर्यंत पोहोचते. वायरला प्लगच्या खाली लटकता वळसा द्या, म्हणजे थेंब तिथूनच खाली पडेल, आणि घरात अर्थ लीकेज ब्रेकर (वीजगळती होताच वीज तोडणारे बटण) नसेल तर आधी तो बसवा.

तिवरकाठ

एक राहून गेले. पाणी वाफ होऊन कमी होते, मीठ मात्र टाकीतच राहते. म्हणून रोजची भर नेहमी क्लोरीन घालवलेल्या साध्या पाण्याने घाला, खारटाने नाही. काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात खारटपणा वाढलेला कळतही नाही.

खिडकीतली_टाकी

चार दिवस पाणी बदलले. अमोनिया शून्य, नायट्राइट अजून 0.1. कोपऱ्यातल्या माशाने आज कोळंबीचा तुकडा घेतला, पण अर्धा टाकला. रेघ मारली आहे. मीठ पुढच्या रविवारी नायट्राइट पाहूनच.