उन्हाळी पार्टीसाठी घरगुती कॉकटेल : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, मे महिन्यात गच्चीवर दहा-बारा जणांचं बसायचं ठरतंय. दरवेळी तेच बाटलीतलं गोड मिक्सर आणि कोला, जाम कंटाळा आलाय. कैरी, कोकम असलं आपलं काही वापरून कोण काय बनवतं? नुसती रेसिपी नको, पिणारे काय म्हणाले तेपण लिहा. न पिणाऱ्यांसाठीही सुचवा.

---

मार्च ते मे आमच्याकडे गोव्यात एकच उत्तर, हुर्राक. काजूच्या बोंडूंचा (बी ज्याला लटकते त्या रसाळ फळाचा) रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, तोच परत भट्टीवर चढवला की फेणी. फेणी चाळीस टक्क्यांच्या वर जाते, हुर्राक साधारण पंधराच्या आसपास, म्हणून भर दुपारीसुद्धा झेपतो. उंच ग्लासात 60 मिली हुर्राक, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, एक हिरवी मिरची उभी चिरून (ठेचायची नाही हं, नाहीतर कॉकटेल राहतं बाजूला आणि रस्साच होतो), भरपूर बर्फ आणि वरून लिमका. वासाला नाक मुरडणारे पाहुणे दुसरा ग्लास स्वतःच भरून घेतात. आणि हा टिकत नाही, सिझनमध्येच संपवायचा.

---

वाचूनच तहान लागली राव, पण पुण्यात हुर्राक कुठून आणू? आमच्या घरी पन्हं आणि वोडका. कैऱ्या आदल्या दिवशी उकडून गर काढायचा, त्यात साखर, सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड. वेलची अजिबात नको, लग्नाच्या पंगतीतलं पन्हं होतं मग ते. गुळाबद्दल आमच्यात दोन पार्ट्या आहेत, मला विचाराल तर गूळ कैरीचा आंबटपणा दाबतो. 45 मिली वोडका, तीन-चार चमचे गर, आधी हे दोन्ही नीट ढवळून घ्यायचं, मग बर्फ आणि सगळ्यात शेवटी गार सोडा, हलक्या हाताने एकदाच चमचा फिरवायचा. सोडा घालून शेकरमध्ये हलवणारे महाभाग पाहिलेत, झाकण उडतं आणि गॅस जातो तो वेगळाच.

---

+1 पन्ह्याला. मी कोकणातली, त्यामुळे माझं मत कोकमाला. फक्त आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस) आणि अमृत कोकम (कोकमाचं साखरेतलं सरबत) यात गल्लत करू नका. आगळात मीठ असतंच, वरून मीठ घालायचं नाही, साखरेचा पाक लागतो. अमृत कोकम आधीच गोड, त्यात लिंबू वाढवा. जिन, दोन चमचे आगळ, पाक, सोडा. रंग असा येतो की सासूबाईंनीपण विचारलं, मला बिनजिनचं दे गं एक.

---

न्यू जर्सीहून. चार जुलैच्या बार्बेक्यूला मी आगळाचंच करते, इंडियन ग्रोसरीत बाटली मिळते. माझी टिप बर्फाची. जगमध्ये बर्फ टाकू नका, तासाभरात सगळं पाणचट होतं. त्यापेक्षा पन्हं किंवा कोकम सरबतच आइस ट्रेमध्ये गोठवायचं आणि ते खडे ग्लासात, वितळले तरी चव पातळ होत नाही. इथल्या मित्रांना आगळाचा खारटपणा आधी विचित्र वाटला होता, आता ते बाटली घेऊन जातात.

---

न पिणाऱ्यांसाठी गोव्यात असाल तर नीरो, बोंडूंचा ताजा रस, पण त्याच दिवशी प्यायचा, ठेवला की आंबायला लागतो. बाकी ठिकाणी वरचंच पन्हं नाहीतर कोकम, सोडा घालून, तशाच उंच ग्लासात. आणि दोन जग वेगवेगळ्या रंगांचे ठेवा बाबांनो, गाडी चालवणारा कोण हे आधीच ठरवा.

---

धागाकर्ता परत आलोय, धन्यवाद सगळ्यांना! पन्हं नक्की. येताना कोणीतरी हुर्राक आणेल का गोव्याहून?

---

आणेल, पण परमिट काढून. गोव्याची दारू महाराष्ट्रात तशी आणता येत नाही, नाक्यावर डिकी उघडायला लावतात. त्यापेक्षा एप्रिलमध्ये तुम्हीच या इकडे, लिमका माझ्याकडून.